सिलिएट: थेंबभर पाण्यातले केसाळ एकपेशीय जीव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या शाळा-कॉलेजांतले विद्यार्थी, प्रात्यक्षिकं घेणारे शिक्षक, घरात फिश टँक ठेवणारे आणि सांडपाणी केंद्रात गाळाची स्लाइड पाहणारे या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली दिसेल: बाहेरच्या आकारावरून नाव देऊ नका. आधी तोंड कुठे आहे ते शोधा, मग केंद्रक पाहा, आणि नाव त्यानंतर द्या.

सिलिएट कशाला म्हणायचं?

खरं केंद्रक असलेला एकपेशीय जीव, ज्याच्या अंगावर आयुष्यात कधी ना कधी सिलिया असतात आणि ज्याच्या एकाच पेशीत दोन तऱ्हेची केंद्रकं असतात. सिलिया म्हणजे पुस्तकातल्या पक्ष्माभिका. ‘कधी ना कधी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण काही सिलिएट मोठेपणी सिलिया टाकून देतात. तिसरी खूण म्हणजे संयुग्मन: दोन जीव एकमेकांना चिकटून केंद्रकांची देवाणघेवाण करतात.

आजवर सुमारे ८,००० जातींची वर्णनं झाली आहेत. सर्वांत लहान १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, तर स्पायरोस्टोममसारखे ३-४ मिलिमीटरपर्यंत लांब. काचेच्या बरणीमागे काळा कागद धरला की स्पायरोस्टोमम नुसत्या डोळ्यांनी पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसतो.

अमिबा त्यांचा जवळचा भाऊबंद का?

नाही. पुस्तकात शेजारच्या पानावर असला तरी नातं लांबचं आहे. सिलिएटांच्या पेशीपटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो, त्यांना अल्व्हिओलाय म्हणतात. हाच थर मलेरियाच्या प्लाझमोडियमच्या गटात आणि डायनोफ्लॅजेलेट या चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवांच्या गटातही सापडतो. म्हणून या तिघांना मिळून ‘अल्व्हिओलाटा’ म्हणतात. म्हणजे पॅरामेशियम अमिबापेक्षा प्लाझमोडियमला जवळचं.

नाशिकमध्ये नमुना कुठून घ्यावा?

संथ पाणी, कुजणारा पाला आणि थोडी सावली जिथे असेल तिथून. वाहत्या धारेत आणि घाटावरच्या सतत ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात फारसं काही मिळत नाही. रामकुंडावरून बाटली भरून आणली आणि स्लाइडवर काहीच दिसलं नाही, अशी तक्रार नेहमी येते. त्याचं कारण हेच.

चांगल्या जागा सांगायच्या तर गंगापूर धरणाच्या फुगवट्याची उथळ, गवताळ कड. कॅनॉलच्या कडेची डबकी. शेततळ्याच्या कोपऱ्यात साचलेली शेवाळाची साय. आणि गोदावरीतल्या पाणवेली. पाणवेलीचं रोप उपटून मुळांचा झुबका बरणीत झाडला तर एका झटक्यात चार-पाच प्रजाती मिळू शकतात. या मुळांवर देठ असलेले सिलिएट अक्षरशः वस्ती करून असतात.

२५० मिलिच्या रुंद तोंडाच्या बरणीत दोन तृतीयांश पाणी घ्या. तळाचा चमचाभर गाळ आणि एक-दोन कुजकी पानं त्यात असू द्या. वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवा, झाकण सैल लावा आणि चार-पाच तासांत पाहा. बरणी उन्हात गाडीच्या डिकीत राहिली तर त्या पाण्यात फक्त जिवाणू उरतात. शहरातल्या पात्रात सांडपाणी मिसळतं, त्यामुळे हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा.

पावसाळ्यात पुराचं गढूळ पाणी घेऊ नका. रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात उभी असेल त्या आठवड्यात नदीकडे नमुन्यासाठी जाण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा मिळतात, तिथलं पाणी या दृष्टीने फार समृद्ध आहे. पण ते अभयारण्य आहे, आणि २०२० साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथून काहीही उचलण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

घरी किंवा लॅबमध्ये कल्चर कसं लावायचं?

१. गव्हाचं वाळलेलं काड किंवा भाताचा पेंढा १० ग्रॅम घ्या आणि २-३ सेंटिमीटरचे तुकडे करा. इगतपुरी-त्र्यंबक भागातला पेंढा उत्तम. द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत घेऊ नका. कारण पुढे दिलं आहे.

२. एक लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. नळाचं पाणी असेल तर आधी २४ तास उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल.

३. मलमलच्या कापडाने झाकून एक दिवस ठेवा. या वेळात काडावरचे जिवाणू वाढतात, आणि तेच सिलिएटांचं अन्न.

४. पसरट भांड्यात ओता. पाण्याची खोली ५-६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर तळाला ऑक्सिजन पोहोचत नाही. उकळलेले गव्हाचे ८-१० दाणे टाका.

५. डबक्याचं ५० मिलि पाणी मिसळा. २० ते २५ अंश सेल्सिअसला, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा.

पहिले दोन दिवस पाणी दुधाळ होतं आणि वर पातळ साय धरते. ती काढू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घेवड्याच्या दाण्यासारखे छोटे कोल्पोडा दिसू लागतात. पॅरामेशियम साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी भरात येतं. पुढे युप्लोटिस, स्टायलोनिकिया यांसारखे पृष्ठभागावर चालणारे येतात आणि भांड्याच्या भिंतीला व्हॉर्टिसेला चिकटतात. प्रत्येक गटाने केलेल्या बदलामुळे पुढच्याला जागा मिळते, म्हणून दर दोन दिवसांनी एक थेंब पाहून नोंद ठेवा.

दर दोन-तीन आठवड्यांनी ताज्या काढ्यात १०० मिलि जुनं कल्चर घालून नवं भांडं लावा.

एकाच जातीचं कल्चर हवं असेल तर?

पाश्चर पिपेट ज्योतीवर ओढून टोक बारीक करा आणि कमी मोठेपणाखाली एक जीव उचला. स्वच्छ, उकळून गार केलेल्या काढ्याच्या थेंबात सोडा. तिथून पुन्हा उचलून दुसऱ्या थेंबात न्या. असे चार थेंब बदलले की सोबतचे बहुतेक नको ते जीव मागे राहतात. पॅरामेशियमसाठी याहून सोपा मार्ग आहे. ते वरच्या दिशेला पोहतं. लांब मानेच्या फ्लास्कमध्ये कल्चर मानेपर्यंत भरा, मानेत कापसाचा सैल बोळा बसवा आणि वर स्वच्छ पाणी ओता. काही तासांत पॅरामेशियम बोळ्यातून वाट काढत वर येतात, गाळ खालीच राहतो.

कल्चर बिघडलं. काय चुकलं असेल?

कुजका वास आणि काळा तळ: अन्न जास्त झालं. जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला. दाणे काढा, अर्धं पाणी टाकून तेवढंच, २४ तास उघडं ठेवलेलं पाणी घाला.

भरपूर होते आणि दोन दिवसांत नाहीसे झाले: एकतर अन्न संपलं, नाहीतर डिडिनियम शिरलं. पिंपासारखा गोल, पुढे शंकूसारखं नाक आणि अंगावर सिलियांचे दोन पट्टे असा जीव दिसला तर तोच. तो स्वतःपेक्षा मोठं पॅरामेशियम अख्खं गिळतो. पाहण्यासारखं दृश्य आहे, तेव्हा कल्चर फेकण्याआधी नीट पाहून घ्या.

सगळे पहिल्याच दिवशी मेले: क्लोरीन, साबण किंवा तांबं. सिलिएटांना तांब्याचा फार सूक्ष्म अंशही सोसत नाही. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण आणि इतर तांबंयुक्त बुरशीनाशकं फवारतात, म्हणून त्या भागातलं गवत आणि बागेला लागून असलेल्या तळ्याचं पाणी टाळायचं. याच कारणाने तांब्याच्या पातेल्यात काढा उकळू नका. भांडी बाजारात मिळणारी तांब्या-पितळेची भांडी पिण्याच्या पाण्याला ठीक, या कामाला नाहीत.

एप्रिल-मे महिन्यात वाढ थांबली: तापमान. तिशीच्या वर पॅरामेशियम कष्टी होतं आणि बंद खोलीत त्याहून जास्त तापतं. मातीच्या परातीत ओली वाळू घालून त्यावर भांडं ठेवा, वाळू ओली ठेवत राहा. उलट जानेवारीत निफाडकडच्या थंडीत पाणी १० अंशांच्या जवळ गेलं की विभाजन फार मंदावतं. कल्चर मेलेलं नसतं, घरात आणून दोन दिवस थांबा.

मायक्रोस्कोपखाली काहीच दिसत नाही.

दहापैकी आठ वेळा प्रकाश जास्त असतो. सिलिएट जवळजवळ पारदर्शक असतात, झगझगीत उजेडात ते विरून जातात. कंडेन्सरचा डायफ्रॅम निम्म्याहून अधिक बंद करा. सुरुवात ४एक्स वस्तुभिंगाने करा, हलणारा ठिपका सापडला की १०एक्स, आणि तपशिलासाठी ४०एक्स. १०० पट मोठेपणाला पोहण्याची ढब कळते, ४०० पटीला सिलिया आणि रिक्तिका (पेशीतल्या पाण्याच्या किंवा अन्नाच्या पिशव्या).

थेंब बरणीच्या मधल्या पाण्यातून घेऊ नका. सायीच्या खालून एक, तळाच्या गाळावरून एक आणि भिंतीवरून खरवडून एक अशा तीन स्लाइड करा. तिन्ही ठिकाणचे रहिवासी वेगळे असतात.

ते इतके पळतात की पाहता येत नाही. काय करावं?

पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर जातं. ४०० पटीला ते क्षणात दृष्टिक्षेत्राबाहेर जातं. २-३ टक्के मिथाइल सेल्युलोजचा थेंब मिसळला की चाल मंदावते. तो नसेल तर कापसाचे मोजके धागे स्लाइडवर पसरा, त्यावर थेंब आणि कव्हरस्लिप. जीव धाग्यांच्या खोप्यात अडकतात पण जिवंत राहतात. कव्हरस्लिपखालचं पाणी टिपकागदाने हळूहळू शोषून जीव किंचित दाबता येतो. जास्त शोषलं तर पेशी फुटते, म्हणून एका वेळी कागदाचं टोक सेकंदभरच टेकवा.

दिसलेला जीव कोणता हे कसं ओळखू?

चपलेच्या तळव्यासारखा दिसला की पॅरामेशियम, अशी सवय लागलेली असते. डबक्यात निदान पाच-सहा वेगळे सिलिएट लांबट आणि बोथट असतात. पॅरामेशियम कॉडेटम म्हणायचं तर लांबी साधारण १८० ते ३०० मायक्रॉन हवी, अंगावर सगळीकडे सारख्या सिलिया हव्यात, बाजूला तिरकी खाच हवी जी शरीराच्या मध्याजवळ तोंडात उतरते, आणि दोन टोकांजवळ चांदणीसारख्या दोन संकोचशील रिक्तिका हव्यात. पोहताना ते स्वतःभोवती मळसूत्रासारखं फिरतं. हिरवंगार पॅरामेशियम दिसलं तर ते बर्सारिया. त्याच्या पेशीत क्लोरेला शैवाल राहतं आणि प्रकाशात साखर बनवून देतं.

गुलाबी रंगाचा लांबट जीव ब्लेफारिस्मा. निळसर, तुतारीसारखा, ताणला की एक-दोन मिलिमीटरपर्यंत जाणारा स्टेंटर. त्याचं मोठं केंद्रक मण्यांच्या माळेसारखं. पिंपाच्या आकाराचा आणि अंगावर चुनखडीच्या तक्त्यांची ओळ असलेला कोलेप्स. खाली जाड, काटेरी ‘पाय’ आणि त्यावर तुरुतुरु चालणारा युप्लोटिस किंवा स्टायलोनिकिया. हे पाय म्हणजे अनेक सिलियांची जुडी असते, तिला सिरस म्हणतात.

व्हॉर्टिसेलासाठी पाणवेलीच्या मुळाचा एक सेंटिमीटर तुकडा स्लाइडवर ठेवा. उलट्या घंटेसारखे जीव प्रत्येकी आपल्या देठावर डुलताना दिसतात. घंटेच्या काठावर सिलिया फिरतात आणि भोवऱ्यासारखा प्रवाह तयार होऊन पाण्यातले कण तोंडाकडे ओढले जातात. स्लाइडवर बोटाने हलकी टिचकी मारा. देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि घंटा मुळाला टेकते. हे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या वेळात घडतं, म्हणून डोळ्याला फक्त उडी दिसते. सावकाश दिसतं ते नंतरचं उलगडणं. देठातल्या स्पॅझमिन प्रथिनाला कॅल्शियम जोडलं जातं आणि तो आखडतो. स्नायूला लागतो तसा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, त्या क्षणाला थेट लागत नाही.

दोन केंद्रकं कशासाठी?

छोटं केंद्रक वंशाचं, मोठं रोजच्या कामाचं. लघुकेंद्रकात गुणसूत्रांचा पूर्ण संच जपून ठेवलेला असतो, पण त्यातली जनुकं नेहमीच्या जगण्यात जवळजवळ गप्प असतात. प्रथिनं बनवण्याच्या सगळ्या सूचना बृहत्केंद्रकातून निघतात. त्यासाठी त्यात जनुकांच्या भरपूर प्रती असतात: टेट्राहायमेना या प्रयोगशाळेतल्या आवडत्या सिलिएटात सुमारे ४५, पॅरामेशियममध्ये सुमारे ८००.

या प्रती नुसत्या नकला नसतात. संयुग्मनानंतर नवं बृहत्केंद्रक घडताना डीएनएचे तुकडे होतात, नको असलेला भाग काढला जातो आणि उरलेला जोडला जातो. टेट्राहायमेनाच्या लघुकेंद्रकातल्या गुणसूत्रांच्या ५ जोड्यांपासून बृहत्केंद्रकात सुमारे १८० छोटी गुणसूत्रं बनतात. ऑक्सिट्रिका या दुसऱ्या सिलिएटात तर सुमारे १६,००० नॅनोगुणसूत्रं, बहुतेक एकेका जनुकाची.

इतकी टोकं एका पेशीत असल्यामुळेच गुणसूत्राच्या टोकांचं कोडं टेट्राहायमेनात सुटलं. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना तिथे टीटीजीजीजीजी हा पुन्हा पुन्हा येणारा क्रम मिळाला, पुढे कॅरोल ग्रायडर यांच्यासोबत ही टोकं लांबवणारं टेलोमरेज हे विकर सापडलं, आणि २००९ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं. स्वतःला कापणारा आरएनए थॉमस चेक यांना टेट्राहायमेनातच दिसला. त्यांना आणि सिडनी आल्टमन यांना १९८९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

केंद्रक पाहण्यासाठी १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लातलं मिथाइल ग्रीन एक थेंब घाला. दोन-तीन मिनिटांत बृहत्केंद्रक निळसर हिरवं होतं. लघुकेंद्रक त्याच्या खोबणीत बसलेलं असतं. पॅरामेशियम कॉडेटममध्ये एक, पॅरामेशियम ऑरेलियात दोन.

संयुग्मन हे प्रजनन आहे का?

नाही. परीक्षेत इथेच गुण जातात. दोन जीव एकत्र येतात आणि दोनच वेगळे होतात, संख्या वाढत नाही. प्रजनन होतं ते आडव्या विभाजनाने, अनुकूल तापमानाला दिवसातून एक-दोनदा.

कॉडेटममधला क्रम असा: तोंडाच्या बाजूंनी दोघे चिकटतात. प्रत्येकाच्या लघुकेंद्रकाचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार केंद्रकं होतात, तीन विरघळतात. उरलेलं एक दुभंगून एक स्थिर आणि एक फिरतं केंद्रक बनतं. फिरतं केंद्रक पलीकडच्या जोडीदारात जाऊन तिथल्या स्थिर केंद्रकाशी एकरूप होतं. दोघे सुटतात, जुनं बृहत्केंद्रक मोडतं. नवं संयुक्त केंद्रक तीनदा दुभंगून आठ होतात. त्यातली चार नवी बृहत्केंद्रकं, तीन नष्ट आणि एक लघुकेंद्रक. पुढच्या दोन विभाजनांत ही चार बृहत्केंद्रकं चार पेशींत वाटली जातात.

वर्गात हे दाखवायचं असेल तर विरुद्ध मेटिंग टाइपची (लिंगांसारखे गट, संयुग्मन वेगळ्या गटाशीच होतं) दोन कल्चर लागतात आणि ती थोडी उपाशी हवीत. मेटिंग टाइप हा प्रकार ट्रेसी सोनेबॉर्न यांनी १९३७ साली ऑरेलियात शोधला. एकाच पेशीपासून वाढवलेल्या कल्चरमध्ये जोड्या सहसा लागत नाहीत.

अडथळा आला की ते उलटं कसं फिरतं?

समोरून धडक बसली की पेशीपटलाचा विद्युतभार बदलतो, सिलियांवरच्या वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यामुळे सिलियांचा फटकारा उलट्या दिशेने होतो. जीव थोडा मागे जातो, कॅल्शियम बाहेर फेकलं गेलं की किंचित वळून पुन्हा पुढे निघतो. ज्या उत्परिवर्ती पॅरामेशियममध्ये या वाहिन्या चालत नाहीत, ते मागे येऊच शकत नाहीत. त्यांचं नाव बुद्धिबळातल्या प्याद्यावरून ‘पॉन’ ठेवलं आहे.

सिलियाची आतली रचना नऊ जोड्या बाहेर आणि दोन सूक्ष्मनलिका मध्ये अशी असते. आपल्या श्वासनलिकेतल्या सिलियांची रचनाही हीच. त्यांना वाकवणारं डायनिन हे प्रथिन १९६०च्या दशकात इयन गिबन्स यांनी टेट्राहायमेनाच्या सिलियांमधूनच वेगळं केलं.

शाळेत करता येतील असे दोन साधे प्रयोग सांगा.

पहिला, संकोचशील रिक्तिकेचा. गोड्या पाण्यात पेशीत सतत पाणी शिरतं आणि रिक्तिका ते बाहेर टाकते. २४ तास उघडं ठेवलेल्या पाण्यातल्या पॅरामेशियमची एक रिक्तिका निवडा आणि दहा आकुंचनांना लागणारा वेळ मोजा. मग पाण्यात ०.२५ टक्के मीठ, म्हणजे १०० मिलिला पाव ग्रॅम, होईल असं करून काही मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन आकुंचनांमधलं अंतर वाढतं, कारण आत शिरणारं पाणी कमी होतं. मीठ वाढवत नेलं तर जीव आक्रसतो, तिथे थांबा.

दुसरा, पचनाचा. बेकरीचं यीस्ट ३ ग्रॅम, काँगो रेड ३० मिलिग्रॅम, पाणी १० मिलि. १० मिनिटं उकळून गार करा. सुईच्या टोकावर येईल एवढंच पॅरामेशियमच्या थेंबात मिसळा. लाल यीस्ट तोंडाच्या खाचेतून जाताना दिसतं आणि अन्नरिक्तिका तयार होतात. काही मिनिटांत त्या निळ्या-जांभळ्या होतात, म्हणजे आत आम्लता वाढली. पीएच ३च्या खाली काँगो रेड निळा होतो. पुढे ५च्या वर गेला की पुन्हा लाल. यीस्ट जास्त पडलं तर सगळं दृश्य लाल होऊन काहीच कळत नाही, ही यातली नेहमीची चूक.

वर्गीकरणात ‘सिलिएटा’ लिहायचं की ‘सिलिओफोरा’?

आज सिलिओफोरा, आणि तो संघ आहे. जुन्या पुस्तकांत प्रोटोझोआ हा संघ, त्यात सिलिएटा हा वर्ग, आणि होलोट्रिका, स्पायरोट्रिका, पेरिट्रिका असे गण असत. ही विभागणी अंगावर सिलिया कुठे आणि कशा दिसतात यावर होती. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर कळलं की खरी माहिती सिलियाच्या बुडाशी आहे: प्रत्येक सिलियाच्या मुळाशी असलेला कायनेटोसोम, त्याला जोडलेले तंतू आणि सूक्ष्मनलिकांच्या पट्ट्या, आणि त्यांच्या रांगा. बाहेरून सारखे दिसणारे जीव बुडाशी वेगळे निघाले आणि अगदी भिन्न दिसणारे सख्खे निघाले. नंतर रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) १८एस जनुकाने त्यातलं पुष्कळसं पक्कं केलं.

सिलिएटांचे अभ्यासक डेनिस लिन यांच्या २००८च्या मांडणीत दोन उपसंघ आणि ११ वर्ग आहेत. पोस्टसिलिओडेस्माटोफोरा या उपसंघात कॅरिओरिलिक्टिया आणि हेटरोट्रिकिया हे दोन वर्ग येतात. कॅरिओरिलिक्टियांचं बृहत्केंद्रक विभागतच नाही, दर वेळी लघुकेंद्रकापासून नवं बनतं. स्टेंटर, ब्लेफारिस्मा आणि स्पायरोस्टोमम हेटरोट्रिकियात. दुसरा उपसंघ इंट्रामॅक्रोन्यूक्लिएटा, म्हणजे ज्यांचं बृहत्केंद्रक आतल्या सूक्ष्मनलिकांच्या साहाय्याने विभागतं. बाकीचे नऊ वर्ग इथे: स्पायरोट्रिकिया (युप्लोटिस, ऑक्सिट्रिका), आर्मोफोरिया (झुरळाच्या आतड्यातला निक्टोथेरस), लिटोस्टोमाटिया (डिडिनियम आणि गाई-म्हशींच्या पोटातला एन्टोडिनियम), फायलोफॅरिंजिया, नॅसोफोरिया, कोल्पोडिया, प्रोस्टोमाटिया (कोलेप्स), प्लॅजिओपायलिया आणि ऑलिगोहायमेनोफोरिया. शेवटच्या वर्गात पॅरामेशियम, टेट्राहायमेना आणि व्हॉर्टिसेला एकत्र आहेत. देठावरची घंटा आणि पोहणारा चपलेचा तळवा एका वर्गात, ते तोंडाजवळच्या सिलियांच्या मांडणीमुळे. २००८नंतर काही वर्ग वाढले आहेत.

परीक्षेत अभ्यासक्रमात जी पद्धत आहे तीच लिहा. पण ती कोणाची आणि कोणत्या काळातली हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे.

ओपॅलिना आणि सक्टोरिया यांचा घोळ काय आहे?

हे दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून एकत्रच शिकवावेत. बेडकाच्या आतड्यातल्या ओपॅलिनाच्या अंगभर सिलियांसारखे केस असतात, त्यामुळे तो बराच काळ सिलिएट मानला गेला. पण त्याची सगळी केंद्रकं एकाच तऱ्हेची आहेत. तो सिलिएट नाही. आज त्याची जागा स्ट्रॅमेनोपाइल या डायटम आणि तपकिरी शैवालांच्या गटात आहे. सक्टोरियांना मोठेपणी एकही सिलिया नसते. एका जागी बसून नळ्यांसारख्या शुंडकांनी ते भक्ष्यातला रस शोषतात. तरी ते सिलिएट आहेत, कारण केंद्रकं दोन तऱ्हेची आहेत आणि पोहणाऱ्या पिल्लांना सिलिया असतात. सिलिया पाहून सिलिएट म्हणणारा दोन्हीकडे चुकतो.

जाती आणि प्रजाती यांत गोंधळ होतो.

वर्तमानपत्रांत प्रजाती हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येतो. जीवशास्त्राच्या मराठीत पॅरामेशियम ही प्रजाती आणि कॉडेटम ही तिची जाती. ‘ऑरेलिया’ लिहिताना जास्त जपा. दिसायला अगदी सारख्या पण आपसांत संयुग्मन न करणाऱ्या १४ जातींना सोनेबॉर्न यांनी १९७५ साली वेगळी नावं दिली. त्यामुळे मायक्रोस्कोपवरून ‘ऑरेलिया गट’ एवढंच म्हणता येतं.

खात्रीने जातीपर्यंत जायचं तर चांदीचं रंजन, म्हणजे चांदीच्या संयुगाने पेशी रंगवणं, लागतं. प्रोटारगॉल या चांदीच्या संयुगाने कायनेटोसोमच्या रांगा तपकिरी-काळ्या उठतात आणि त्या मोजता येतात. काम कटकटीचं आहे, पहिल्या दोन-तीन खेपा बहुधा वाया जातात. रंजनाआधी त्याच जिवाचे जिवंतपणीचे फोटो आणि मापं घेतलेली नसतील तर चांगली स्लाइडही अपुरी पडते.

माणसाला यांच्यापासून आजार होतो का?

माणसाच्या आतड्यात राहून आजार करणारा एकच सिलिएट ठाऊक आहे, बॅलँटिडियम कोलाय; नव्या लिखाणात बॅलँटिऑइडिस कोलाय असंही नाव दिसेल. त्याचा मुख्य आश्रयदाता डुक्कर. विष्ठेने दूषित पाण्या-अन्नातून त्याच्या सिस्ट, म्हणजे कवचबंद सुप्त पेशी, पोटात जातात. आजार दुर्मीळ आहे. रक्त-आव असेल तर मल तपासून डॉक्टरच उपचार ठरवतील. डबक्यातलं पॅरामेशियम माणसाला काही करत नाही. त्याच पाण्यातले जिवाणू मात्र करतात.

फिश टँकमधल्या माशांवर पांढरे ठिपके आले, औषध घालूनही परत येतात.

मिठाच्या कणासारखे ठिपके असतील तर बहुधा इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. एक ठिपका खरवडून पाहा: गोल, हळू लोळणारा, अर्धा ते एक मिलिमीटरचा जीव आणि आत घोड्याच्या नालासारखं बृहत्केंद्रक दिसलं की शंका उरत नाही.

ठिपका त्वचेच्या आत असतो, तिथे औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की जीव माशाला सोडून तळाशी जातो, आवरणात दुभंगत शेकडो पिल्लं सोडतो. औषध लागू पडतं ते मुख्यतः या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणं ही नेहमीची चूक आहे. २४-२५ अंशांना हे चक्र आठवडाभरात किंवा त्याआधी पूर्ण होतं, १० अंशांजवळ महिन्याहून जास्त लागतो. हिवाळ्यात हीटर नसलेल्या टँकमध्ये तो महिनोन् महिने रेंगाळतो तो त्यामुळे.

पाणी तासाला एक अंश या बेताने ३० अंशांपर्यंत न्या, हवेचा पंप वाढवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ टप्प्याटप्प्याने घाला आणि १०-१४ दिवस चालू ठेवा. कॅटफिश, लोच आणि पाणवनस्पती यांना मीठ सोसत नाही, त्यांच्यासाठी यातली कमीत कमी मात्रा किंवा वेगळा टँक.

सांडपाणी केंद्राच्या गाळात सिलिएट पाहून काय कळतं?

सक्रिय गाळ पद्धतीच्या (हवा देऊन जिवाणूंकरवी सांडपाणी शुद्ध करण्याच्या) टाकीत, मग ती सोसायटीची असो वा वायनरीची, ते मोकळे जिवाणू खाऊन पाणी निवळवतात. एपिस्टायलिस, व्हॉर्टिसेला हे देठवाले आणि अ‍ॅस्पिडिस्कासारखे गाळाच्या गुठळ्यांवर चालणारे भरपूर असतील तर टाकी स्थिरावलेली आहे. फक्त छोटे फ्लॅजेलेट आणि मोकळे पोहणारे सिलिएट दिसले तर गाळ अजून कोवळा आहे किंवा भार जास्त झाला आहे. व्हॉर्टिसेलाची तोंडं मिटलेली, घंटा देठावरून सुटून जाताना दिसली तर ऑक्सिजन किंवा विषारी पाणी आधी तपासा. नमुना अर्ध्या तासात पाहा. बंद बाटलीत तासभर राहिलेला गाळ टाकीची अवस्था सांगत नाही.

कोरड्या मातीतही सिलिएट असतात म्हणतात, ते कसे पाहायचे?

शेतातली वाळलेली काळी माती ५० ग्रॅम पेट्रीडिशमध्ये पसरा आणि डिस्टिल्ड वॉटरने भिजवा, पण बुडवू नका. बोटाने दाबल्यावर कडेला थोडं पाणी सुटेल एवढंच. ते सुटलेलं पाणी दुसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी पाहा. सुरुवातीला कोल्पोडाच भरून येतो, नंतर इतर. माती बुडवली तर तळ सडतो आणि यादी निम्म्यावर येते.

नमुना टिकवायचा कसा, आणि काम झाल्यावर टाकायचा कुठे?

आधी जिवंत पाहून घ्या. टिकवण्यासाठी ल्युगॉलचं आयोडीन, पाणी फिकट चहाच्या रंगाचं होईपर्यंत. अंधारात ठेवा आणि रंग उडाला की पुन्हा थेंब घाला. नुसत्या फॉर्मालिनने बरेच सिलिएट आकसतात किंवा फुटतात.

बाटलीवर तारीख, जागा, तापमान आणि नमुना सायीचा, तळाचा की मुळावरचा हे पेन्सिलीने लिहा, शाई पाण्याने पुसली जाते. उरलेलं कल्चर नदीत किंवा तळ्यात ओतू नका. १० मिनिटं उकळून मोरीत टाका. आजारी टँकमधली जाळी आणि पाइप दुसऱ्या टँकला लावण्याआधी पूर्ण वाळवा. इक्थिओफ्थिरिअसची गोड्या पाण्यातली पिल्लं कोरड्या पृष्ठभागावर जगत नाहीत.